फाळणीची रेघ आणि आयरिश मतपेटी

भारताची फाळणी करण्याच्या सव्वीस वर्षे आधी ब्रिटिश राज्यकर्त्यांनी आणखी एका प्राचीन राष्ट्राच्या अंगावर अशीच एक रेघ ओढली होती. १९२० साली लंडनच्या संसदेने कायदा केला आणि मे १९२१ मध्ये आयर्लंडचे दोन तुकडे झाले. अल्स्टर प्रांतातील नऊ काउंट्यांपैकी सहा ब्रिटनकडे ठेवण्यात आल्या. उरलेल्या सव्वीस काउंट्या पुढच्या वर्षी ‘आयरिश फ्री स्टेट’ या नावाने स्वतंत्र झाल्या. अल्स्टरच्या नऊच्या नऊ काउंट्या का ठेवून घेतल्या नाहीत? नऊ ठेवल्या असत्या तर ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंटांचे बहुमत डळमळीत झाले असते, सहा ठेवल्याने ते पक्के झाले. म्हणजे बहुमत आधी ठरले आणि त्याच्या मापाने सीमा बेतण्यात आली. भगिनी निवेदितांचे जन्मगाव डंगॅनन हे टायरोन काउंटीत आहे. १९११ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते गाव अखंड आयर्लंडमध्ये होते. आज ते सीमेच्या ब्रिटिश बाजूला आहे.

ही रेघ पुसण्यासाठी गेल्या शतकात पुष्कळ रक्त सांडले. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. एप्रिल १९९८ मध्ये ‘गुड फ्रायडे’ करार झाला, सीमेवरचे लष्करी मनोरे हळूहळू उतरवले गेले, आणि दोन्ही देश युरोपीय महासंघाचे सदस्य असल्यामुळे जकात नाक्यांचे तर कारणच उरले नव्हते. सुमारे पाचशे किलोमीटरची ती सीमा दोनशेहून अधिक रस्ते ओलांडतात. त्यांतल्या कोणत्याही रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण दुसऱ्या देशात आलो हे कळण्याची एकच खूण उरली होती : वेगमर्यादेच्या पाट्या मैलांतून किलोमीटरमध्ये बदलत. रेघ नकाशावर होती, पण लोकांच्या व्यवहारातून ती बहुतांशी निघून गेली होती.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ती रेघ पुन्हा उगवली.

ब्रिटिश मतदारांच्या त्या कौलाला आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांनी तेव्हा अडाण्यांचा उठाव ठरवून टाकले होते. ते मूल्यमापन उथळ होते. आपले कायदे ब्रुसेल्समधील नोकरशहांनी करावेत हे ज्या समाजाला मानवत नाही, त्या समाजाने त्या व्यवस्थेतून बाहेर पडण्यात निंदनीय काही नाही. सार्वभौमत्व ही काही केवळ नफातोट्याच्या वहीत मांडण्याची बाब नव्हे. दोष होता तो वेगळाच. ब्रेक्झिटचा झेंडा घेऊन फिरणाऱ्या इंग्रज पुढाऱ्यांना आपल्या राज्याला एक भूसीमा आहे आणि ती दुसऱ्याच्या मायभूमीच्या मधोमध जाते, याचे भानच नव्हते. प्रचाराच्या धुमाळीत लंडनमध्ये आयर्लंडचा विषय जवळजवळ निघाला नाही. उत्तर आयर्लंडच्या मतदारांनी तर महासंघातच राहण्याच्या बाजूने ५५.८ टक्के मतदान केले होते; पण संपूर्ण ब्रिटनच्या बेरजेत त्यांचा आवाज विरून गेला.

माती अडवणारा समुद्र

ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपीय बाजारपेठेची हद्द कोठेतरी आखणे भाग होते. ती जमिनीवर आखली तर जुने नाके परत येणार आणि नाक्यांपाठोपाठ जुनी आग भडकण्याची भीती. समुद्रात आखली तर उत्तर आयर्लंड स्वतःच्याच देशापासून व्यापारात तुटणार. दोन्ही टाळायचे तर साऱ्या ब्रिटनने युरोपीय जकातव्यवस्थेत राहायचे, म्हणजे बाहेर पडूनही आतच राहायचे. थेरेसा मे यांनी तिसऱ्या मार्गाच्या जवळ जाणारा करार केला आणि जानेवारी ते मार्च २०१९ या तीन महिन्यांत त्यांच्या संसदेने तो तीन वेळा फेटाळला.

त्यानंतर जे घडले ते राजकारणातील वचनांचे मोल किती असते याचा वस्तुपाठच होय. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील ब्रिटननिष्ठ डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात बोरिस जॉन्सन यांनी समुद्रातील सीमा कोणताही ब्रिटिश सरकारप्रमुख मान्य करू शकणार नाही आणि करूही नये, असे ठासून सांगितले होते. वर्ष उलटण्याच्या आत ते स्वतः पंतप्रधान झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी नेमके तेच मान्य केले. २०१७ नंतर याच युनियनिस्ट पक्षाच्या दहा खासदारांनी लंडनमधील अल्पमतातील सरकार तगवून धरले होते. ब्रेक्झिटचा पुरस्कारही त्यांनीच केला होता. शेवटी त्यांच्या पदरात काय पडले? स्वतःच्या आणि ब्रिटनच्या मध्ये जकातीची रेघ. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. साम्राज्याशी निष्ठा वाहणाऱ्या परप्रांतीय समूहांना साम्राज्याच्या राजधानीत किती किंमत असते, हे ज्यांनी इतिहासात शोधायचे त्यांना आता हे ताजे उदाहरण मिळाले आहे.

जानेवारी २०२१ पासून ही व्यवस्था प्रत्यक्षात आली तेव्हा तिचे चमत्कारिक परिणाम दिसू लागले. इंग्लंड-स्कॉटलंडमधील बटाट्याचे बियाणे उत्तर आयर्लंडमध्ये नेण्यास बंदी आली. रोपवाटिकांतील झाडे मुळांना ब्रिटिश माती चिकटलेली असेल तर अडवली जाऊ लागली. ज्या भूभागावर ब्रिटनचे निशाण फडकते, तेथे ब्रिटनची माती निषिद्ध! युनियनिस्टांच्या मनाला हे किती झोंबले असेल, याची कल्पना मातृभूमीच्या मातीला कपाळी लावणाऱ्या समाजाला सहज करता येईल. त्यांची मते पटोत वा न पटोत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या पक्षाने बेलफास्टच्या सरकारमधून अंग काढून घेतले आणि दोन वर्षे तेथील विधिमंडळ ठप्प राहिले. फेब्रुवारी २०२३ च्या ‘विंडसर’ समझोत्याने उत्तरेतच राहणाऱ्या मालासाठी हिरवी मार्गिका आणि दक्षिणेकडे जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल मार्गिका अशी सोय काढली, माती आणि बियाण्यांची अडचणही सैल झाली. रेघ मात्र समुद्रातच राहिली.

या साऱ्यात युरोपीय महासंघ आयर्लंडचा सखा म्हणून उभा राहिला, असे चित्र रंगवले गेले. ते बव्हंशी खरेही आहे. पण २९ जानेवारी २०२१ चा दिवस आयरिश लोक विसरलेले नाहीत. करोनाच्या लसींचा तुटवडा होताच ब्रुसेल्सने लसींची निर्यात रोखण्यासाठी आयरिश सीमेवर निर्बंध आणण्याचे कलम उपसले, आणि तेही डब्लिनच्या सरकारला न विचारता. ज्या सीमेवर नाका नको म्हणून चार वर्षे घसा कोरडा केला, त्याच सीमेवर स्वतःची गरज पडताच एका संध्याकाळीत नाका! ओरड झाल्यावर काही तासांत माघार घेतली गेली हे खरे. परंतु मोठ्या संघात लहान सदस्याचे हित कोणत्या क्षणापर्यंत पवित्र असते, हे तेवढ्या तासांत दिसून गेले.

दूध, अळिंबी आणि मालमोटारी

व्यापारातील अनिश्चितता हा शब्द वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर फार गुळगुळीत झाला आहे. आयर्लंडच्या शेतकऱ्याला तो कसा भोगावा लागला हे पाहिले की त्याचा अर्थ उलगडतो. जनमताचा कौल लागताच पौंड घसरला. आयरिश अळिंबी मुख्यतः ब्रिटनमध्ये विकली जाते, आणि तिचा नफा पैशापैशाचा. ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडायला अजून साडेतीन वर्षे होती. तरीही २०१६ साल संपण्याच्या आत काही अळिंबी उत्पादकांना टाळे लावावे लागले. कोणताही कर लागला नव्हता, कोणतेही बंदर बंद झाले नव्हते. केवळ चलनाच्या एका हेलकाव्याने माणसे रस्त्यावर आली.

दुधाचे तर आणखी वेगळे. उत्तर आयर्लंडमधील गोठ्यांत निघणाऱ्या दुधापैकी सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जाते. जमिनीवर सीमा आखली गेली असती तर रोज पहाटे टँकर नाक्यावर अडले असते, आणि दूध काही नाक्यावर थांबत नाही, ते नासते. समुद्रातील सीमेने हे दूध वाचले. एवढेच नव्हे, २०२१ नंतर दोन्ही आयर्लंडमधील परस्पर व्यापारात लक्षणीय वाढ झाली, कारण ब्रिटनकडून माल मागवण्याची कटकट वाढल्यावर व्यापाऱ्यांनी शेजारचाच पुरवठादार शोधला. शंभर वर्षांत राष्ट्रवादी भाषणांनी जे साधले नाही त्याचा काही अंश जकातीच्या कागदपत्रांनी साधला, असे म्हणावे लागते. अर्थात एकत्र बाजार म्हणजे एकत्र राष्ट्र नव्हे; तसे असते तर युरोपीय महासंघ केव्हाच एक राष्ट्र झाला असता.

दक्षिणेच्या मालमोटारींची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी त्या डब्लिनहून होलीहेडला उतरत, ब्रिटन आडवे कापून डोव्हरमार्गे युरोपात जात. हा ब्रिटनचा ‘भूसेतू’ कागदपत्रांत अडकताच आयर्लंडने आग्नेयेकडील रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सकडे जहाजे सुरू केली. जानेवारी २०२१ च्या पहिल्याच आठवड्यांत डंकर्कची फेरी सुरू झाली. संकट ओळखून पर्याय उभा करण्याची ही तत्परता वाखाणण्यासारखी. तरी ब्रिटनवरील अवलंबन संपलेले नाही, हे डिसेंबर २०२४ मध्ये निसर्गाने दाखवून दिले. एका वादळात होलीहेडच्या धक्क्याचे नुकसान झाले आणि ऐन नाताळात ते बंदर बंद पडले. जानेवारीच्या मध्यापर्यंत आयर्लंडची पार्सले आणि प्रवासी वाट शोधत फिरत होते.

मालवणच्या मुलाचा विजय आणि पराभव

या सर्व वाटाघाटींत आयर्लंडचे नेतृत्व करणाऱ्या लिओ वराडकर यांचे घराणे सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये गेले आणि पुढे आयरिश पत्नीसह डब्लिनमध्ये स्थायिक झाले. जून २०१७ मध्ये लिओ अवघ्या अडतिसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ते कुटुंबासह वराडला आले तेव्हा गावाने आपल्या लेकराचे करावे तसे त्यांचे स्वागत केले. जॉन्सन यांच्याकडून समुद्रातील सीमा पदरात पाडून घेतलेला हा नेता त्या क्षणी कीर्तीच्या शिखरावर होता. सहा आठवड्यांनी, ८ फेब्रुवारी २०२० रोजी निवडणूक झाली आणि त्यांचा फिन गेल पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला.

असे का व्हावे? मतदानोत्तर चाचणीत मतदारांना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विचारला असता ब्रेक्झिट असे उत्तर देणारे केवळ एक टक्का निघाले. लोकांनी सांगितले : आरोग्यसेवा आणि घर. डब्लिनमध्ये तरुण जोडप्याला घर घेणे सोडाच, भाड्याने मिळणेही दुरापास्त झाले होते. सीमेवर देशाचे हित राखणारा नेता आणि घरभाड्याने पिचलेला तरुण यांच्यामध्ये कोणतेच नाते उरले नव्हते. यात मतदाराची कृतघ्नता शोधणे चूक ठरेल. राष्ट्रहिताची लढाई जिंकून आलेल्याला चुलीच्या प्रश्नातून सूट मिळत नाही.

त्या निवडणुकीत सर्वाधिक पहिल्या पसंतीची मते, २४.५ टक्के, शिन फेनला मिळाली. आयर्लंडमध्ये मतदान पसंतीक्रमाने होते. महाराष्ट्रातील पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत काम केलेल्या कार्यकर्त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की तेथे एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात आणि त्यामुळे किती उमेदवार उभे करायचे हा हिशेब जीवघेणा असतो. शिन फेनला स्वतःच्या लाटेचा अंदाज आला नाही. त्यांनी अवघे ४२ उमेदवार उभे केले, त्यांतले ३७ निवडून आले, आणि उरलेली मते वाहून इतर डाव्या पक्षांच्या पदरात पडली. फिआना फॉलला ३८ जागा मिळाल्या, फिन गेलला ३५.

मग जे घडले त्याला आयरिश इतिहासात तोड नाही. १९२१ चा करार मान्य करायचा की नाही यावरून आयरिश देशभक्तांत यादवी माजली होती. करारावर सही करणारे मायकल कॉलिन्स ऑगस्ट १९२२ मध्ये आपल्याच देशबांधवांच्या गोळीला बळी पडले. कराराच्या बाजूचे पुढे फिन गेलमध्ये, विरोधातले इमन डी व्हॅलेरांच्या फिआना फॉलमध्ये. घराघरांत ही निष्ठा वडिलांकडून मुलाकडे येत असे. जून २०२० मध्ये हे दोन्ही पक्ष ग्रीन पक्षाला सोबत घेऊन एका सरकारात बसले आणि पंतप्रधानपद वाटून घेण्याचे ठरले : आधी फिआना फॉलचे मीहॉल मार्टिन, डिसेंबर २०२२ पासून वराडकर. शतकाचे वैर मिटले हे ऐकायला गोड वाटते. ते मिटवले कोणी? तिसऱ्याच्या भीतीने.

‘आम्ही स्वतः’ची घसरण

तो तिसरा म्हणजे शिन फेन. या आयरिश शब्दांचा अर्थ ‘आम्ही स्वतः’. आर्थर ग्रिफिथ यांनी १९०५ साली हा पक्ष काढला. बंगालची फाळणी आणि स्वदेशीची हाक यांचेही तेच वर्ष. ग्रिफिथ यांचा आग्रह होता की आयरिश उद्योगांना संरक्षण मिळाले पाहिजे, राष्ट्राने आपल्या पायावर उभे राहिले पाहिजे. बहिष्काराचे शस्त्रही आयरिश भूमीतलेच. १८८० साली मेयो काउंटीतील शेतकऱ्यांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर ते चालवले आणि त्याचे आडनाव इंग्रजी शब्दकोशात गेले. लोकमान्यांच्या पिढीने आयर्लंडकडे किती आस्थेने पाहिले, हे होमरूल या नावावरूनच दिसते.

आजच्या शिन फेनला ग्रिफिथांचा वारसा सांगता येतो काय, याविषयी आयर्लंडमध्येच वाद आहे. हिंसेच्या काळात आयरिश रिपब्लिकन आर्मीची राजकीय बाजू म्हणून हा पक्ष ओळखला जाई. १९९८ नंतर त्याने मतपेटीचा मार्ग धरला आणि हळूहळू डाव्या वळणाचा लोकानुनयी पक्ष झाला. एक गोष्ट मात्र त्याने सोडली नाही : लंडनच्या संसदेवर निवडून आलेले त्याचे सदस्य ब्रिटिश राजनिष्ठेची शपथ नाकारून जागा रिकामी ठेवतात. २०१९ मध्ये एकेक मत सोन्याच्या मोलाचे असतानाही त्याचे सात सदस्य तेथे गेले नाहीत. इतकी तत्त्वनिष्ठा क्वचित आढळते.

२०२२ च्या सुमारास मतचाचण्यांत हा पक्ष पस्तीस टक्क्यांच्या आसपास होता आणि त्याच्या नेत्या मेरी लू मॅकडॉनल्ड पुढील पंतप्रधान म्हणून गृहीत धरल्या जात होत्या. जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत तो बारा टक्क्यांच्या आत आला. मधल्या काळात स्थलांतराचा प्रश्न उसळला होता. २०२२ पासून युक्रेनमधून एक लाखाहून अधिक निर्वासित आले, अन्य देशांतून आश्रय मागणाऱ्यांची संख्या वाढली, आणि घरांची टंचाई होतीच. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनच्या मध्यवस्तीत दंगल पेटली. गरीब वस्त्यांतील जो मतदार शिन फेनचा कणा होता, तोच आता विचारू लागला की आमच्या मुलांना घर नाही आणि तुम्ही बोलत का नाही? पक्षाचे शहरी डावे समर्थक अशा प्रश्नाला वंशद्वेष म्हणत होते. दोघांनाही खूश ठेवण्याच्या नादात पक्ष दोघांच्याही मनातून उतरला. देशाची स्वतःच्या सीमांवर आणि वस्त्यांवर काही मर्यादा घालण्याची इच्छा ही अपराधासमान मानण्याची सवय युरोपातील डाव्यांना फार महागात पडत आहे.

परंतु त्याच रागाने कोणाला झोडपले? २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिन आणि अन्य ठिकाणी भारतीयांवर हल्ले झाले. एका भारतीयाला रस्त्यात मारहाण करून विवस्त्र करण्यापर्यंत टोळक्याची मजल गेली. भारतीय दूतावासाला १ ऑगस्टला आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये सुमारे ४५ हजार भारतीय नागरिक होते. परवाना घेऊन, निमंत्रणाने गेलेले, रुग्णालयांत रात्रपाळ्या करणारे, संगणक कंपन्यांत कर भरणारे हे लोक. त्यांत पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या घरांतली मुले-मुलीही आहेत. ज्या राष्ट्राने १८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाख माणसे गमावली आणि तितकीच बोटीत बसवून परदेशी पाठवली, ज्याच्या बेटाची लोकसंख्या आजही १८४१ च्या आकड्याला पोहोचलेली नाही, त्या राष्ट्रातील काही पोरांनी परदेशी कष्टकऱ्याला झोडपावे, हा त्यांच्या पूर्वजांचाच अवमान होय. राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांच्यासह अनेकांनी निषेध केला, सामान्य आयरिश शेजारी मदतीला धावले, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. अवैध घुसखोरी आणि वैध श्रम यांतला भेद सरकारने वेळीच स्पष्ट केला असता तर रस्त्यावरच्या टोळक्याला तो आपल्या मर्जीने ठरवण्याची संधी मिळाली नसती.

किल्ली अमेरिकेच्या खिशात

वराडकर मार्च २०२४ मध्ये अनपेक्षितपणे पायउतार झाले, त्यांच्या जागी सायमन हॅरिस आले. ५ नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात अमेरिकेत ट्रम्प विजयी झाले आणि तिसऱ्या दिवशी आयर्लंडचे कनिष्ठ सभागृह, डॉल, विसर्जित झाले. २९ नोव्हेंबरच्या निवडणुकीत १७४ पैकी फिआना फॉलला ४८, शिन फेनला ३९ आणि फिन गेलला ३८ जागा मिळाल्या. युरोपात आणि अमेरिकेत त्या वर्षी सत्ताधारी धडाधड कोसळत असताना आयरिश मतदाराने जुनाच संसार चालू ठेवला. मतदान साठ टक्क्यांच्याही किंचित खाली राहिले, तेव्हा याला उत्साहाचा कौल म्हणता येणार नाही. वारे बदलत असताना होडीत उभे राहू नये, इतपत तो शहाणपणा होता. बहुमताला दोन जागा कमी पडल्या आणि काही अपक्षांना गोंजारून जानेवारी २०२५ मध्ये मीहॉल मार्टिन पुन्हा पंतप्रधान झाले. नोव्हेंबर २०२७ मध्ये ती खुर्ची हॅरिस यांच्याकडे जायची आहे.

वारे बदलत होते ते अमेरिकेतून. आयर्लंडने दशकानुदशके केवळ १२.५ टक्के कंपनीकर ठेवून अमेरिकी औषध आणि संगणक कंपन्यांना घर दिले. मोठ्या कंपन्यांसाठी २०२४ पासून तो १५ टक्के झाला. तिजोरी तुडुंब भरली, परंतु त्या कराचा निम्म्याहून अधिक वाटा दहा-एक बड्या कंपन्याच भरतात. या परावलंबनाचे टोक पाहायचे तर ॲपलचा खटला पाहावा. त्या कंपनीकडून १३ अब्ज युरोंचा थकीत कर वसूल करा, असे युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये बजावले, आणि आयरिश सरकार तो पैसा आपल्याला नको म्हणून आठ वर्षे न्यायालयात भांडले. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकार हरले आणि श्रीमंत झाले! ‘आम्ही स्वतः’ म्हणून जन्मलेल्या राष्ट्रवादाचा हा प्रवास ग्रिफिथांना पाहवला नसता.

एप्रिल २०२५ पासून ट्रम्प यांनी आयातशुल्काचा सपाटा लावला तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट घडली. त्या वर्षी झालेल्या समझोत्यांत ब्रिटनच्या मालावर साधारणपणे १० टक्के शुल्क ठरले आणि युरोपीय महासंघाच्या मालावर १५ टक्के. उत्तर आयर्लंड ब्रिटनचे, दक्षिण महासंघाची. म्हणजे एकाच बेटावर, एकाच कुरणातल्या गायींच्या दुधापासून केलेल्या लोण्याला कारखाना सीमेच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून अमेरिकेत वेगळा कर. १९२१ ची रेघ वॉशिंग्टनच्या जकात कचेरीत जाऊन पोहोचली.

डाव्यांना या अस्वस्थतेचा लाभ वर्षभराने झाला. २४ ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिन फेनसह पाच पक्षांनी अपक्ष कॅथरिन कॉनोली यांच्यामागे एकत्र उभे राहून सुमारे ६३ टक्के मते मिळवली. फिआना फॉलच्या उमेदवाराने तर सुमारे तीन आठवडे आधीच माघार घेतली होती. पण दोन लाखांहून अधिक मतदारांनी मतपत्रिका मुद्दाम वा चुकून बाद केल्या, आणि निम्म्याहून अधिक मतदार घराबाहेर पडलेच नाहीत. या विजयाने देश डावीकडे वळला असे सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आयरिश राष्ट्राध्यक्षपद हे बहुतांशी मानाचे आहे. घरे बांधायची आहेत ती सरकारला.

उत्तरेत मात्र खरोखरच काहीतरी हलले आहे. मे २०२२ मध्ये शिन फेन ९० पैकी २७ जागा घेऊन प्रथमच सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओ’नील प्रथम मंत्री झाल्या. ज्या सहा काउंट्या प्रोटेस्टंट बहुमतासाठी मोजूनमापून कापल्या होत्या, तेथे २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के, तर प्रोटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. १९२१ चा हिशेब शंभर वर्षांत चुकला. तरीही यावरून एकीकरण दाराशी आले असे मानणे उतावीळपणाचे होईल. कॅथलिक घरात जन्मलेला प्रत्येक जण डब्लिनचे राज्य मागतो असे नाही, आणि दोन्ही गटांपासून अंतर राखणारा अलायन्स पक्ष त्याच निवडणुकीत १७ जागांवर गेला. शिवाय दक्षिणेकडेही प्रश्न आहेच : शाळेबाहेर रोज आयरिश भाषा बोलणारे जेथे जेमतेम ७२ हजार उरले आहेत, तेथे एकत्र आलेल्या राष्ट्राला बांधणारा धागा कोणता असेल? बाजार, की कंपन्यांचे करार?

१९९८ च्या करारानुसार एकीकरणाच्या बाजूने बहुमत होईल असे वाटल्यास सार्वमत घेण्याचे बंधन लंडनच्या मंत्र्यावर आहे. ते कसे ओळखायचे हे मात्र करारात लिहिलेले नाही. त्याआधी एक तारीख आहेच. समुद्रातील व्यापारव्यवस्था चालू ठेवायची की नाही यावर १० डिसेंबर २०२४ रोजी बेलफास्टच्या विधिमंडळात मतदान झाले आणि ती ४८ विरुद्ध ३६ मतांनी तगली. युनियनिस्टांनी एकमुखाने विरोध केला. दोन्ही समाजांची संमती नसल्यामुळे या मंजुरीची मुदत आठऐवजी चारच वर्षांची आहे. मे २०१९ मध्ये मे यांना, २०२० मध्ये वराडकरांना आणि त्यानंतर युनियनिस्टांना ज्या रेघेने घाम फोडला, तिच्यावर २०२८ च्या अखेरीस पुन्हा हात वर करून मोजणी व्हायची आहे. आणि त्याआधी, मे २०२७ मध्ये, हे हात कोणाचे असतील हे उत्तरेचा मतदार ठरवणार आहे.